तालुक्याच्या गावात सगळ्यांसाठी सांस्कृतिक केंद्र काढायचंय, जागा, पैसा, संस्था यातलं आधी काय?

तुम्ही विचारलंय की वीस-पंचवीस हजार वस्तीच्या गावात सगळ्या समाजांचं मिळून एक सांस्कृतिक केंद्र काढायचंय, तर आधी जागा बघू का पैसा जमवू का संस्था रजिस्टर करू. मी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर-पारोळा पट्ट्यातला, आमच्या गावात हा उद्योग दोनदा झालाय, एकदा पार फसला आणि एकदा बरा चाललाय, तेवढ्यावर सांगतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधीचा एक प्रश्न राहिलाय. आमच्या अहिराणीत विचारायचं तर, किल्ली कोनाजोडे शे? म्हणजे किल्ली कोणाकडे आहे?

हसू नका. पहिल्या वेळी निधीतून मस्त समाजमंदिर झालं, स्लॅब, फरशी, बाहेर नावांची कोनशिला, आणि किल्ली एका पुढाऱ्याच्या घरी. भजनी मंडळाला हॉल पाहिजे तर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचं, साहेब झोपलेत, साहेब जळगावला गेलेत, आणि दुसऱ्या पार्टीच्या पोरांनी तर मागायचा विषयच नाही. दोन वर्षांत आत सिमेंटच्या गोण्या आणि कोणाचे तरी मंडपाचे बांबू.

दुसऱ्या वेळी बांधकामाच्या नादाला लागलोच नाही. गावात कापसाचं एक जिन बंद पडलेलं, त्याचं पत्र्याचं गोडाऊन मालकाने अकरा महिन्यांच्या करारावर दिलं, आणि किल्ल्या तीन केल्या. एक रिटायर झालेल्या शिपाईकाकांकडे, एक पोरांकडे, आणि तिसरी समोरच्या पिको-फॉलवाल्या ताईंकडे, का तर त्यांचं दुकान सकाळपासून रात्री नऊपर्यंत उघडं असतं. आम्ही ती आपली सोय म्हणून ठेवलेली, पण खरी चालली तीच. बायकांना किल्ली मागायला कोणा पुरुषाच्या दारात जायचं नसतं हे आमच्या मीटिंगमध्ये एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं (मीटिंगमध्ये सगळे आम्ही पुरुषच, तर येणार कुठून). साडीला फॉल लावायला आलेल्या बायका गोडाऊन उघडून बसायला लागल्या, आधी पाच-सहा जणी, मग आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी आल्या तशी गौराईची गाणी म्हणायला अर्धी गल्ली. तेव्हा कुठे ते केंद्र वाटायला लागलं, त्याच्या आधी नुसतं गोडाऊन होतं.

किल्लीसोबत दुकानात एक शंभर पानी वही ठेवलीय, नाव, वेळ, कशासाठी, पंखे बंद केले का. बस, एवढंच आमचं मॅनेजमेंट.

आता 'सगळ्यांचं' या शब्दाबद्दल, कारण खरी डोकेदुखी तिथेच आहे. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या समाजाचं मंगल कार्यालय आहे, त्यात अजून एक कशाला असं लोक तोंडावर विचारतात. आम्ही एक अट घातली की कार्यक्रम ज्यांचा असेल त्यांनी खुर्च्या लावायच्या नाहीत, त्या दुसऱ्या गल्लीने लावायच्या. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या, गाण्यांची रात्र असते तेव्हा मोहल्ल्यातली पोरं सतरंज्या टाकतात, ईद मिलनाला भजनी मंडळाची म्हातारी माणसं खुर्च्या मांडतात आणि मांडता मांडता भांडतात पण, पण येतात. जेवणाचं सोपं ठेवलं, आत चूल फक्त भरीत आणि कळण्याच्या भाकरीसाठी, बाकी ज्याला जे खायचं ते घरी. लग्न, साखरपुडा, बारसं यांना हॉल नाही म्हणजे नाही. यावरून नातेवाइकांच्या शिव्या खाल्ल्यात, पण एक लग्नसराई आत शिरली की तुमचं केंद्र संपलं समजा, भाडं येतं ना, मग कोणाला भजन पाहिजे. बॅनरवर कोणाचा फोटो नाही, वाढदिवसाचा तर अजिबातच नाही.

पैशाचं फार टेन्शन घेऊ नका. साठेक घरांची महिन्याला शंभर रुपये वर्गणी, त्यात भाडं आणि लाइट बिल कसंबसं निघतं, स्पीकर सेकंडहँड घेतला. मोठी देणगी आम्ही एकदा नाकारली कारण दात्याला गेटवर नाव पाहिजे होतं. आमच्यातल्या निम्म्यांना अजून वाटतं की चुकलंच, मला नाही वाटत.

संस्था मात्र वर्षभर चालवून बघितल्यावरच रजिस्टर करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला कमीत कमी सात माणसं लागतात, आणि आपल्याकडे सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली पण नोंद होते, काम धर्मादाय कार्यालयात. कोणती सात माणसं टिकतात हे वर्षाने आपोआप कळतं. पुढे कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, तो राहून गेला की खरे विश्वस्त कोण यावरून तारखा लागतात, असं आजूबाजूच्या गावांत बघितलंय. आणि गावात आधीच शासनमान्य वाचनालय असेल तर नवीन संस्था कशाला? संध्याकाळी त्यांचा हॉल रिकामाच असतो, त्यांनाही माणसं हवीच असतात.

अजून एक, पहिल्या दिवसापासून मोबाईलवर रेकॉर्डिंग करा. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ऐकून उतरवून घेतलं म्हणून आज ती गाणी आपल्याकडे आहेत. आमच्याकडे वही गायन करणारे (वही म्हणजे डफावर म्हणायचं लोकगीत) डफवाले एक बाबा होते, उद्या करू उद्या करू करता करता ते गेले, त्यांच्या फक्त दोन वह्या रेकॉर्ड झाल्यात, आणि त्यातही मध्ये कोणाच्या तरी मोटरसायकलचा हॉर्न.

अमळनेरला साहित्य संमेलन १९५२ नंतर थेट २०२४ ला झालं. तशा मोठ्या कार्यक्रमाची वाट बघत बसू नका, आठवड्याचा एक वार ठरवा, आमचा शनिवार आहे. वेळ शेताकडे बघून ठरवा, कापूस वेचणीच्या दिवसांत हॉलमध्ये चिटपाखरू नसतं, सुरुवात आखाजीच्या आसपास केलीत तर बायका आणि पोरं दोन्ही मिळतील. फक्त पत्र्याचं छत घेतलंत तर वरून चुना मारून घ्या आणि उन्हाळ्यात कार्यक्रम रात्री आठच्या आधी ठेवू नका, आम्ही पहिल्या वर्षी पाचला ठेवला होता, पाहुणे बाहेर निंबाखाली बसले आणि माईक आत.