एवढा घोडा झालास तरी!

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

‘एवढा घोडा झालास तरी अजून ठोकळे आणि कार्टून?’ असं कुणी विचारलं तर काय सांगावं, हा तुझा प्रश्न. ‘हो, आवडतं,’ म्हणावं आणि विषय बदलावा. कारणं देत बसलास की तुझी हौस आपसूक आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहते. त्यातही ‘हे खरं तर मोठ्यांसाठीच आहे’ हे वाक्य कायमचं सोडून दे. ते मुलांसाठीच आहे. मुलांसाठी मनापासून केलेली गोष्ट मोठ्यांनाही पुरून उरते, इतकंच. आपण त्या अंगणात पाहुणे. पाहुण्याने तिथल्या वस्तू कशा हाताळाव्यात आणि घरच्या लेकरांशी कसं वागावं, यावर मला जास्त लिहायचं आहे.

आधी ठोकळे, कारण तुझा जीव त्यांच्यात जास्त अडकलेला दिसतो. डोक्यावर गोल उंचवटे (त्यांना ‘स्टड’ म्हणतात) आणि पोटात नळ्या, या लेगोच्या रचनेचा पेटंट-अर्ज 28 जानेवारी 1958 चा. त्या रचनेचे जुने ठोकळे आजच्या ठोकळ्यांत बसतात, म्हणून जुन्या मालाचा मोह होतो. पण 1963 पासून एबीएस प्लास्टिक आलं. त्याआधीचे सेल्युलोज अ‍ॅसिटेट या जुन्या प्लास्टिकचे ठोकळे वर्षानुवर्षांत वाकतात. ते संग्रहात ठेव, बांधकामात घेऊ नकोस. करडा रंगही नीट बघून घे. 2004 च्या सुमारास करड्याची छटा बदलून निळसर झाली. दिव्याच्या पिवळ्या उजेडात दोन्ही करडे सारखेच दिसतात आणि सकाळी भिंतीवर ठिगळं उमटतात. म्हणून करड्या रंगाची निवड दिवसाउजेडीच करायची. लालसर तपकिरी तुकडे घट्ट जोडावरून उपटताना जपून. त्या रंगाचे काही वर्षांतले तुकडे ठिसूळ निघाले आहेत आणि कडाकन मोडतात. तुझा हात जड आहे असं समजून वाईट वाटून घेऊ नकोस.

वजनावर मिळणारा जुना ढीग आणलास तर तो थेट आपल्या मालात ओतू नकोस. आधी बॅटरीचे डबे उघडून बघ. पांढरी पूड दिसली तर सेल गळलेला आहे. हातमोजे घालून ती व्हिनेगरच्या बोळ्याने पूस. मग मोटारी, दिवे, स्टिकर लावलेले तुकडे बाजूला काढ. प्रत्येक स्टडवर कंपनीचं नाव उठलेलं आहे का, ते बघ. ज्यावर नाही तो दुसऱ्याच कुणाचा. लेगोच्या छोट्या माणसांच्या धडांना काखेखाली बारीक तडा असू शकतो, तो सहज दिसत नाही, पण हात फिरवला की धड सैल लागतं.

धुण्याचं पाणी कोमट, 40 अंश सेल्सिअसच्या आत, साबण सौम्य. ओव्हन, केसांचा ड्रायर, गाडीचा तापलेला डॅशबोर्ड यांच्यापासून लांब. नंतर टॉवेलवर एकाच थरात, पोकळ बाजू खाली करून पसरायचं आणि मधून हलवायचं, कारण पाणी नळ्यांमध्ये अडून बसतं. दोन दिवस थांब. ओलसर माल झाकणाच्या डब्यात भरलास तर महिनाभरात वास सांगतोच. पिवळे पडलेले पांढरे ठोकळे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाने उजळतात, हे खरं. पण पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो आणि तुकडा ठिसूळ होऊ शकतो. दर्शनी भिंतीपुरतं करायला हरकत नाही, पण सगळ्या ढिगाला नको.

वर्गवारी रंगाने करायची नाही, आकाराने करायची. सगळे लाल एका पेटीत टाकलेस की लालात लाल एक बारका तुकडा शोधताना डोळे थकतात; त्याउलट एका आकाराच्या पेटीतला लाल तुकडा लगेच नजरेत भरतो. सुरुवातीला पाच ढीग पुरेत: उंच ठोकळे, चपट्या प्लेटा, उतार असलेले, स्टड नसलेल्या गुळगुळीत टाइल आणि ‘बाकीचं’. ‘बाकीचं’ ओसंडायला लागलं की त्यातला सगळ्यात मोठा गट वेगळा काढ. पहिल्याच दिवशी चाळीस कप्पे आणणारे बहुतेकजण वर्षभर वर्गवारीच करतात.

आता मापं. इथे अंदाज चालत नाही. स्टडपासून स्टडचं अंतर 8 मिलिमीटर, ठोकळ्याची उंची 9.6, प्लेटेची 3.2, स्टडचा व्यास 4.8. म्हणजे तीन प्लेटा एका ठोकळ्याबरोबर आणि पाच प्लेटांची थप्पी 16 मिलिमीटर, बरोबर दोन स्टडांइतकी. ठोकळे आडवे वळवून बांधायचं सगळं तंत्र या हिशोबावर उभं आहे.

समज, भिंतीत आडव्या वळवलेल्या ठोकळ्यांची एक नक्षीची चौकट बसवायची आहे. भिंतीतला कोनाडा पाच ठोकळे उंच ठेव: 48 मिलिमीटर. चौकट सहा स्टड लांब घे: तीही 48. वर फट नाही, खाली फट नाही. चौकट धरून ठेवायला कोनाड्याच्या मागच्या भिंतीत बाजूला स्टड असलेले ठोकळे लागतील. 1×1 चा, म्हणजे वर एकच स्टड असलेला, असा ठोकळा 87087 या क्रमांकाने मिळतो. नवखे लोक असे दोन ठोकळे एकावर एक ठेवतात आणि मग चौकट एकाच स्टडवर बसते, दुसऱ्याशी भांडते. कारण त्या दोन स्टडांत 9.6 चं अंतर पडलं आणि चौकटीला हवं 8 च्या पटीत. दोन ठोकळ्यांच्या मध्ये दोन प्लेटा घाल. 9.6 आणि 6.4 मिळून 16. चौकट ‘टक्’ करून बसेल. तो आवाज आला नाही तर दाबू नकोस, हिशोब पुन्हा मांड.

तसंच, दोन स्टडांमधली मोकळी जागा 3.2 आणि प्लेटही 3.2, म्हणून प्लेट उभी करून तिथे खुपसायचा मोह सगळ्यांना होतो. कागदावर बसते, पण जराही मोकळीक नसल्याने दोन्ही तुकड्यांवर ताण राहतो. जाणकार याला ‘इल्लीगल’ जोड म्हणतात. घरात पोलीस येणार नाहीत, पण सहा महिन्यांनी तडा येईल. संगणकावर आराखडा करत असशील तर आणखी एक फसगत ठाऊक असू दे: पडद्यावर कुठलाही तुकडा कुठल्याही रंगात मिळतो आणि गुरुत्वाकर्षण रजेवर असतं. मागणी नोंदवण्याआधी तो तुकडा त्या रंगात कधी निघाला होता का ते तपास, आणि लांब छज्जा असेल तर तेवढाच भाग हातातल्या कुठल्याही रंगाच्या तुकड्यांत बांधून बघ.

कार्टूनचं. मुलांच्या मालिकेचा भाग साधारण 11 किंवा 22 मिनिटांचा असतो. एवढ्यात पात्र ओळखीचं व्हायला हवं, अडचण उभी राहायला हवी, सुटायला हवी आणि सात वर्षांच्या मुलाला कुठेही वाट चुकल्यासारखं वाटता कामा नये. हे फार अवघड काम आहे. पहिल्यांदा नुसतं बघ. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघ: नुसत्या काळ्या सावलीवरून पात्र ओळखू येतं का? एक पात्र बोलत असताना बाकीची किती वेळ पुतळ्यासारखी उभी आहेत, म्हणजे चित्रांची बचत कुठे केली आहे? तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐक. ही तीन बघणी एकाच भागाची कर. शंभर भागांची एकेक बघणी त्यापुढे फिकी. शेवटच्या श्रेयनामावलीतली नावं वहीत उतरव, विशेषतः स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांचा चित्रांतला कच्चा आराखडा, करणाऱ्यांची. डबिंग असेल तर आवाज कुणाचा, कधी, कुठल्या वाहिनीवर, हे मिळेल तिथून टिपून ठेव, कारण ते बहुधा पडद्यावर येतच नाही.

ही टिपणं कुणाच्या उपयोगाची, असं वाटेल. 1963 साली बीबीसीवर सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या घरच्या लहानथोरांसाठीच्या मालिकेचे नव्वदहून जास्त जुने भाग आज चित्ररूपात उपलब्ध नाहीत, कारण टेपा पुसल्या गेल्या. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे. चाहत्यांनी घरच्या घरी टीव्हीसमोर ध्वनिमुद्रण करून ठेवलं होतं, म्हणून.

चाहत्यांचा बिघाड बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाला होतो. मालिकेने आपल्याबरोबर वयाने वाढावं, असं वाटू लागतं. ‘आता फार बालिश झाली’ अशी तक्रार करण्याआधी पहिल्या वर्षाचा एखादा भाग काढून बघ. बऱ्याचदा मालिका आहे तिथेच असते. ऑक्टोबर 2010 मध्ये सुरू झालेल्या ‘माय लिटल पोनी’च्या नव्या मालिकेचं उदाहरण घे. लहान मुलींसाठीची मालिका, पण मोठ्या पुरुषांची मोठी फौज तिच्यामागे लागली आणि स्वतःला ‘ब्रोनी’ म्हणवू लागली. गर्दीतल्या एका तिरळ्या पोनीला त्यांनी गमतीत नाव दिलं. 2012 मध्ये एका भागात ते नाव पडद्यावर उच्चारलं गेलं. अपंगत्वाची थट्टा होते असा आक्षेप आला आणि पुढच्या आवृत्तीत प्रसंग बदलावा लागला. मोठ्यांची आपापसातली चेष्टा मोठ्यांत राहिली असती तर कुणाचं बिघडलं नसतं. ती पोराटोरांच्या पडद्यावर गेली तेव्हा तिचा अर्थ बदलला.

यावरून मुलांविषयी. इथे मी कडक आहे. चाहत्यांच्या कुठल्याही गटात आपलं वय लपवायचं नाही. अल्पवयीन मुलाशी खासगी निरोपांतून बोलायचं नाही, विषय कितीही साधा असो. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर. मोठ्यांसाठीचं चित्र किंवा गोष्ट केलीस तर ती इंटरनेटवर टाकताना पात्राच्या साध्या नावाची खूण (टॅग) लावू नकोस, कारण आठ वर्षांची मुलगी शोधताना नेमकं तेच नाव टाइप करते. प्रदर्शनात परक्या मुलांचे फोटो काढू नकोस. प्रश्नमंजूषेत मूल हात वर करेपर्यंत तुझा हात खाली. आणि एखाद्या मुलाने पात्राचं नाव चुकीचं घेतलं तर घेऊ दे.

पोकेमॉनच्या पत्त्यांच्या खेळाच्या अधिकृत स्पर्धांत वयोगट वेगळे असतात, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. सहज खेळायला मूल समोर बसलं तर मुद्दाम हरू नकोस; मुलांना ते चटकन कळतं आणि अपमान वाटतो. त्याऐवजी स्वतः कधी नीट न बसवलेली साठ पत्त्यांची गड्डी घेऊन बस, म्हणजे खेळ आपोआप बरोबरीचा होतो. पत्त्यांची अदलाबदल मात्र त्याच्या घरच्या मोठ्या माणसासमोरच, आणि त्याच्या पत्त्याचा चालू भाव आधी त्याला दाखवून. त्याने स्वतःहून पुढे केला असला तरीही.

पैशाबद्दल थोडक्यात. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण महिनाअखेर ते बरोबर कळतं. एक फळी ठरव. ती भरली की नवीन येण्याआधी जुनं बाहेर. मनात भरलेली मोठी वस्तू तीस दिवस नुसती यादीत ठेव, अर्धी यादी आपली आपण गळते. ‘पुढे भाव येईल’ म्हणून सीलबंद खोकी साठवणं हा वेगळा धंदा आहे, त्याला हौस म्हणू नकोस. खोक्यातही स्टिकरचा गोंद सुकतो, रबरी पट्टे कडक होतात. आणि दुकानातली शेवटची तीन खोकी उचललीस तर जे रिकाम्या हाताने परत जातं, ते मूल असतं.

शेवटचं. घरी कुणी मूल घेऊन येईल आणि ते सरळ तुझ्या फळीकडे जाईल. ‘हात लावू नको’ म्हणायची वेळ येऊ नये म्हणून दाराजवळ एक उघडी पेटी ठेव. तिच्यात 2×4 चे (दोन ओळींत चार-चार स्टडचे) साधे ठोकळे शंभरेक, प्लेटा पन्नास, दारं-खिडक्या आठ-दहा, दोन-तीन माणसं. एकाच रंगाचे असे सहाच ठोकळे 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात, तेव्हा शंभर पुष्कळ झाले. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर ही पेटी उचलून ठेव आणि ड्युप्लोची, म्हणजे लेगोच्याच लहानग्यांसाठीच्या मोठ्या ठोकळ्यांची, काढ. ते ठोकळे लांबी-रुंदी-उंचीला बरोबर दुप्पट असतात, तोंडात जात नाहीत, आणि आपले 2×4 चे ठोकळे त्यांच्यावर बसतातही. आणि पेटीत चाकं जास्त टाक. ती नेहमी कमी पडतात.

तुझा,
एक थोरला सोबती