लस आधी की मांटू चाचणी?

प्रश्न : मुलगी नोकरीसाठी केनियाला निघाली आहे. पीतज्वराची लस आणि क्षयाची मांटू चाचणी, दोन्ही मागितले आहे. आधी काय करावे?

उत्तर : दोन्ही एकाच दिवशी उरका. लस आधीच टोचली असेल, तर मांटूसाठी ४ आठवडे थांबा. जिवंत विषाणूच्या लशीमुळे शरीराचा प्रतिसाद तात्पुरता मंदावून क्षयाचा संसर्ग असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते. मांटूचे इंजेक्शन हातावर टोचल्यानंतर तो हात ४८ ते ७२ तासांत दाखवायलाच हवा. लाली मोजू देऊ नका! बोटाला लागणारा टणक फुगवटा हाताच्या आडव्या दिशेने मिलिमीटरमध्ये मोजतात. लहानपणीच्या बीसीजीमुळेही (क्षयाची लस) तो उठू शकतो, लगेच घाबरू नका. पीतज्वराचे प्रमाणपत्र लशीनंतर १० दिवसांनी लागू होते. तिकीट त्या हिशेबाने काढा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असल्यास ही लस टोचण्यापूर्वीच सांगा.