जुनी हीटिंग-कूलिंग यंत्रणा बदलली तर बिल खरंच कमी येतं का?

येतं, पण आधी घराच्या फटी बुजवा. डक्टच्या, म्हणजे खोल्यांत हवा नेणाऱ्या नळांच्या, सांध्यांतून हवा निसटत असेल तर नवं मशीनही अंगणच गार करत बसेल. खिडकीच्या चौकटीजवळ पेटती उदबत्ती धरा, धूर एका बाजूला ओढला गेला की गळती सापडली.

साध्या विजेच्या हीटरवर घर तापवत असाल तर हीट पंपाने सर्वात जास्त फरक पडेल. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरची आत खेचतो, म्हणून १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता मिळते. कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण घसरतं. गॅसवर असाल तर गॅस आणि वीज दोन्हींचे दर ताडून पाहा.

आणि विक्रेता "थोडं मोठंच घ्या" म्हणाला तर ऐकू नका. गरजेपेक्षा मोठं मशीन सारखं चालू-बंद होतं, दमटपणाही नीट काढत नाही.