तीन फुटांवर हात थरथरतो, दुखणं मात्र तीस फुटांवर

"माझं पटिंग पार गेलंय. तीन फुटांवरचा पटसुद्धा बसत नाही."

गोल्फ खेळणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा बहुतेकदा हेच वाक्य घेऊन येतात. ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांबचा फटका, बिघडला की लोक सरळ प्रशिक्षकाकडे जातात. पटिंग, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर (ग्रीनवर) चेंडू घरंगळवत होलकडे नेणारे फटके, बिघडलं की आधी नवा पटर (या फटक्यांची काठी) येतो, मग ग्रिप (काठी धरायची पद्धत) बदलते, मग उभं राहायची पद्धत. खेळच सोडून द्यावा असं वाटायला लागलं की मग कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. तोवर चार-सहा महिने गेलेले असतात आणि मूळ दुखण्यावर बाकीच्या गोष्टींचे थर चढलेले असतात.

ही हकीकत चाळिशीतल्या एका गृहस्थांची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. हँडिकॅप ११ (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला), आठवड्याला १८ होलचा एक राउंड, कधी दोन. पूर्वी राउंडमागे ३४ पट लागायचे, ते ३८-३९ वर गेले होते. सुरुवात कुठून झाली हे त्यांना नेमकं सांगता येत होतं. चार महिन्यांपूर्वी क्लबच्या सामन्यात शेवटच्या होलवर अडीच फुटांचा पट उजवीकडून निसटला आणि सामना गेला. त्यानंतर दोन पटर आणि तीन ग्रिप झाल्या होत्या. "आता तीन फुटांवर उभा राहिलो की हात माझे राहत नाहीत," असं सांगताना त्यांनी दोन्ही तळवे मांडीवर घट्ट दाबून धरले होते.

पहिल्या भेटीत त्यांना श्वासाचे व्यायाम दिले नाहीत आणि धीराचे शब्दही दिले नाहीत. एक वही करायला सांगितली. पाच राउंडभर प्रत्येक होलवर चारच गोष्टी लिहायच्या: पहिला पट किती पावलांवरून होता (एक पाऊल म्हणजे साधारण तीन फूट), तो थांबला तेव्हा होलपासून किती फूट राहिला, अलीकडे थांबला की पलीकडे गेला, आणि दुसरा पट बसला की हुकला; हुकला तर कोणत्या बाजूने. ग्रीनच्या बाहेरून पटरने मारलेला फटका मोजायचा नाही. स्कोअर लिहायचा नाही. "बरा गेला", "वाईट गेला" असले शेरेही नकोत.

पाच राउंड, ९० होल, १९२ पट. म्हणजे राउंडला ३८ च्या वर, ही त्यांची तक्रार खरी होती. पुढचं मात्र त्यांनाच नवीन होतं. दुसरा पट मारायची वेळ ७८ वेळा आली. त्यातले ४४ पट तीन फुटांच्या आतले होते आणि त्यांपैकी फक्त ३ हुकले होते. उरलेले ३४ तीन फुटांच्या पुढचे, बहुतेक चार ते सात फुटांवरचे. त्यातले २१ हुकले.

वही त्यांच्यासमोर ठेवून विचारलं, "तीन फुटांवरचे पट बसत नाहीत म्हणालात. इथे काय दिसतंय?" बराच वेळ ते त्या ४४ च्या आकड्याकडे बघत राहिले. हुकलेले तिन्ही पट त्यांना होल नंबरासकट पाठ होते. बसलेल्या ४१ पैकी एकही आठवत नव्हता. काळजीत पडलेल्या माणसाची आठवण अशीच चालते, यात त्यांचा काही दोष नाही. पण त्या आठवणीवर विसंबून उपाय शोधला तर तो चुकीच्या जागीच लागतो.

इथे थोडा हिशोब माहीत असणं गरजेचं आहे, कारण निम्मी भीती चुकीच्या अपेक्षेतून येते. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा जेमतेम ४३. सपाट जागी, योग्य गतीने मारलेला चेंडू तीन फुटांवरून सुमारे ३ अंश तिरका निघाला तरी आत पडतो. सहा फुटांवर ही मुभा दीड अंशावर येते, दहा फुटांवर अवघ्या एका अंशावर. गती जास्त झाली की होल जणू आणखी लहान होतो, कारण काठावरून जाणारा चेंडू आत पडायच्या आत पलीकडे निघून जातो. म्हणून अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात आणि वीस फुटांवरून शंभरात पंधराच्या आसपास. ११ हँडिकॅपच्या खेळाडूला सहा फुटांवरचा पट हुकला म्हणून स्वतःला शिक्षा करायचं काहीच कारण नाही.

मग प्रश्न असा की सहा फुटांचे इतके पट मुळात वाट्याला आले कुठून? वहीतच उत्तर होतं. ज्या ३४ वेळा पहिला पट तीन फुटांच्या पुढे राहिला, त्यातल्या २६ वेळा चेंडू होलच्या अलीकडे थांबला होता. बिघाड पहिल्या, लांबच्या पटात होता, दिशेपेक्षा अंतरात.

अंतर का गेलं, तेही हळूहळू उलगडलं. जुन्या पटरचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारा भाग, अख्ख्या धातूचं होतं. चेंडू टणकन निघायचा. नव्याच्या तोंडात मऊ इन्सर्ट (बसवलेला तुकडा) होता, आवाज दबका आणि चेंडू जरा मवाळ निघणारा. लांबच्या पटाचं अंतर आपण डोळ्यांइतकंच हातातल्या वजनाने आणि कानाला येणाऱ्या आवाजाने शिकलेलो असतो. ती वर्षांची शिकवण पटरबरोबर गेली. त्यात भीतीची भर पडली. चेंडू पलीकडे गेला तर परतीचा पट घालावा लागेल, म्हणून पटर मागे पूर्ण जायचा आणि चेंडूपाशी येताना हात ब्रेक मारायचे. वेग मारताना असा तुटला की पटरचं तोंड डगमगतं, चेंडू मध्यावर बसत नाही आणि अंतर आणखी कमी पडतं. मग सहा फूट उरतात, तो पट हुकतो, भीती वाढते, ग्रिप बदलते, अंतराची जाण आणखी जाते. अडीच फुटांचा एक पट निमित्त झाला होता. घसरण चालू ठेवली ती त्यानंतरच्या उपायांनी.

आणखी एक गोष्ट आधी तपासून घेतली, कारण ती चुकली तर पुढचं सगळं वाया जातं. ती म्हणजे यिप्स. चेंडू मारायच्या क्षणी मनगटाला झटका बसतो, हात आपोआप उडतो. यात दोन प्रकार दिसतात. काहींच्या बाबतीत तो ताणाचा परिणाम असतो, काहींच्या बाबतीत ठरावीक हालचालीपुरता स्नायूंचा विकार, ज्याला डिस्टोनिया म्हणतात. त्यांना आधी चेंडूशिवाय स्ट्रोक करायला सांगितलं, मग चेंडू ठेवून पण होल नसलेल्या दिशेला, मग एका हाताने, मग होलकडे. पहिल्या तिन्ही वेळा हात संथ होता, होल समोर आल्यावरच आखडला. म्हणजे ताण. कुणीही बघत नसताना, होल नसताना, पणाला काही लावलेलं नसतानाही झटका येत असेल, किंवा लिहितानाही हात आखडत असेल, तर ते काम समुपदेशकाचं नाही; मज्जाविकारतज्ज्ञांना दाखवावं. आणि तसं निघालं तरी खेळ संपत नाही. जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगर यांना यिप्सने कारकिर्दीत एकदा नव्हे, अनेकदा गाठलं. ग्रिप बदलत, मार्ग काढत त्यांनी १९८५ आणि १९९३ ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली. अशा वेळी ग्रिप बदलणं खरंच उपयोगी पडतं. लांब पटरही चालतो, फक्त २०१६ पासून तो शरीराला टेकवून मारायला नियमाने बंदी आहे.

आता केलं काय ते सांगतो.

जुना पटर परत आला, जुनी ग्रिपही. सहा आठवडे दोन्हींत काही बदलायचं नाही, हे त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर स्वतः लिहिलं. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. दुसऱ्याच आठवड्यात "एक नवीन ग्रिप बघितली" म्हणून फोन आला होता.

पहिले दोन आठवडे सरावात होल नाहीच. ग्रीनच्या मधून कडेकडे मारायचं, चेंडू कडेच्या उंच गवताला नुसता टेकून थांबला पाहिजे. २० फूट, ३० फूट, ४० फूट, प्रत्येकी तीन चेंडू, आणि सलग दोन चेंडू कधीच एकाच अंतरावरून नाहीत, कारण राउंडमध्ये तसं कधी होत नाही. मारण्याआधीचे दोन सराव-स्ट्रोक कडेकडे बघत करायचे, चेंडूकडे बघत नाही. होलच नसल्यामुळे हुकणं नावाचा प्रकार उरत नाही, आणि हात ब्रेक मारणं आपोआप सोडून देतात. चौथ्या दिवशी त्यांचा पटर चेंडूच्या पुढे मोकळा जायला लागला, हे कुणी न सांगता. तिसऱ्या आठवड्यापासून होल आला, पण कसोटी वेगळी: अंतराच्या एक दशांशाच्या आत थांबला की पट चांगला. ३० फुटांवरून तीन फूट, ४० फुटांवरून चार. आत पडला तर उत्तम, पण त्याचे वेगळे गुण नाहीत.

दिशेसाठी एकच साधन वापरलं. सपाट जागी चेंडूच्या ४० सेंटिमीटर पुढे दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) जमिनीत रोवायच्या, मधली फट ६ सेंटिमीटर. चेंडू ४.३ सेंटिमीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंना नखभर जागा. या फटीतून न घासता गेलेला चेंडू सव्वा अंशापेक्षा जास्त तिरका नसतो, आणि सहा फुटांवरच्या होलमध्ये तेवढा तिरका चेंडू पडतो. याचा मोठा फायदा असा की चेंडू नीट सुटला की नाही हे पहिल्या ४० सेंटिमीटरमध्येच कळतं. पुढे तो हुकला तर ग्रीनचा उतार वाचायला चूक झाली किंवा गती चुकली; हातांना दोष द्यायचं कारण राहत नाही. त्यांना पहिल्या दिवशी वीसपैकी १४ जमले. हातांवर इतका अविश्वास असलेल्या माणसाला हा आकडा औषधासारखा लागू पडला. चेंडू उजव्या टीला घासायचा तेव्हा कारण बहुतेकदा एकच असे: डोकं लवकर वर येत होतं, त्याबरोबर खांदा उघडत होता आणि पटरचं तोंडही.

डोकं वर येणं "वर बघू नका" म्हणून थांबत नाही. नको म्हटलेलीच गोष्ट मन आधी करून बघतं. त्याऐवजी डोळ्यांना काम द्यावं लागतं. चेंडूच्या मागच्या बाजूचा एक ठिपका धरायचा, स्ट्रोकभर तिथेच राहायचं आणि चेंडू गेल्यावर खालचं गवत दिसेपर्यंत थांबायचं. जोन व्हिकर्स या संशोधिकेने नजरेच्या या स्थिर क्षणाला "क्वाएट आय" असं नाव दिलं आहे. चांगलं पटिंग करणाऱ्यांची नजर चेंडूवर जास्त वेळ आणि जास्त शांत टिकते असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. छोटा पट तर कानाने ऐकायचा. चेंडू कपात पडल्याचा आवाज येईपर्यंत नजर खालीच.

मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत आणखी एक गोष्ट सापडली. लांबच्या पटावर ते चेंडूपाशी तीन-चार सेकंद उभे राहत, छोट्यावर अकरा. त्या अकरा सेकंदांत बोटांची पेरं पांढरी पडलेली स्पष्ट दिसत होती. म्हणून क्रम ठरवला: चेंडूच्या मागून उतार बघायचा, होलकडे बघत एक सराव-स्ट्रोक, पटर चेंडूमागे ठेवायचा, श्वास सोडायचा, होलकडे एकदाच बघायचं आणि नजर चेंडूवर परतल्यावर तीन सेकंदांच्या आत मारायचं. पकडीचा जोर दहापैकी चार, मुठीत पिल्लू धरावं तशी. मनात शंका आली तर मागे सरकून पहिल्यापासून सुरू करायचं; शंका घेऊन मारायचं नाही.

एक सराव मात्र त्यांना कटाक्षाने बंद करायला लावला: तीन फुटांवरून सलग शंभर घालायचे आणि हुकला की पुन्हा एकपासून. हातात विश्वास असलेल्याला तो चालतो. पडत्या काळात तो सत्त्याण्णवाव्या चेंडूला घाम फुटायचं शिक्षण देतो, दुसरं काही नाही. त्यांनी दोन फुटांवरून दहा चेंडू घालायचे आणि उठायचं. राउंडच्या आधीही तेच: सहा लांबचे पट, त्या दिवशीच्या ग्रीनचा वेग कळण्यापुरते, आणि चार छोटे, आवाज कानात ठेवण्यापुरते.

सहा आठवड्यांनी पुन्हा पाच राउंडची वही झाली. १७१ पट, म्हणजे राउंडला ३४ च्या जरा वर. पहिला पट तीन फुटांच्या पुढे राहिला तो ३४ ऐवजी १६ वेळा, आणि त्या १६ पैकी ८ हुकले. तीन फुटांच्या आतले ५५ पैकी २ हुकले. छोट्या पटांच्या टक्क्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, तो पहिल्यापासून ठीकच होता. फरक पडला तो त्यांच्यावर येणाऱ्या अवघड पटांच्या संख्येत.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. पुन्हा सामना, पुन्हा शेवटचा होल, तीन फूट, पुन्हा हुकला. आवाज पडलेला होता. विचारलं, पहिला पट कितीचा होता? "पस्तीस फूट, उतारावरून, तीन फूट पुढे गेला." म्हणजे एक दशांशाच्या आतच. आणि हुकलेला पट दोन टींच्या फटीतून सुटला असता का? थोडं थांबून म्हणाले, "हो, लाइनवरच होता. उतार कमी धरला मी." मग वहीत तेवढंच लिहा, म्हटलं, आणि पटर बदलू नका.