भाषा कंपनीची नसते

खानापूरचे एक पालक लिहितात : ‘मुलगा पीयूसी द्वितीय वर्षात (कर्नाटकातली बारावी), विज्ञान शाखेत आहे. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवरून मोठ्या कंपन्या कोर्टात भांडतात, ती कधीही बंद पडेल. म्हणून त्याने मायक्रोसॉफ्टचीच सी-शार्प ही भाषा शिकावी असं मी ठरवलंय. बेळगावच्या क्लासची निम्मी फी भरली. तो ऐकत नाही. काय करावं?’

तुमच्या दोन पानी पत्रात मुलाला काय आवडतं याची एकही ओळ नाही. मला काळजी वाटते ती याची, जावाची नाही. तो का ऐकत नाही, हे त्याला विचारलंत का? त्याला दुसरी भाषा हवी असेल, किंवा संगणकच नको असेल. फी भरण्याआधी हे विचारायला हवं होतं.

आता कोर्टाचं. जावा बनवणाऱ्या सन कंपनीने १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला, कारण मायक्रोसॉफ्टच्या जावात इतर भाषांतल्या कोडशी जोडणारी प्रमाणित जोडणी, जेएनआय, नव्हती. नंतर मायक्रोसॉफ्टने जे-प्लस-प्लस या आपल्या जावाच्या अवतारात ‘डेलिगेट’सारखे स्वतःचे शब्दही घुसडले. ते वापरून लिहिलेला प्रोग्रॅम इतरांच्या जावावर चालत नसे. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. पुढे बंद पडलं ते जे-प्लस-प्लस, जावा टिकली. जावावरूनच झालेला ओरॅकल-गुगल खटलाही २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गुगलच्या बाजूने संपला. आणि तुमच्या सी-शार्पचं मानक २००१ पासून एक्मा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे आहे. कंपन्यांच्या भांडणात भाषा मरत नाही, फसतो तो एकाच कंपनीच्या खास सोयींवर विसंबलेला.

टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या कंपायलरवर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या साधनावर) शिकलेल्यांना हे लगेच कळेल. त्यातलं कोनिओ हेडर आणि पडदा पुसणारं क्लिअरस्क्रीन सीच्या मानकात नाहीत, म्हणून तोच प्रोग्रॅम जीसीसी या दुसऱ्या कंपायलरवर अडतो. टर्बो सीत इंट (पूर्णांक साठवायचा प्रकार) २ बाइटचा, ३२७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे ३२७६८. आजच्या पीसीवर इंट ४ बाइटचा असतो, तिथे ३२७६८ च येतं. मुलगा सी शिकणार असेल तर जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर फुकट आहेत. सी-११ मानक निवडून, सगळे इशारे आणि ‘पेडँटिक’ (मानकाबाहेरचं काही वापरलं तर सांगणारा पर्याय) चालू ठेवून, प्रत्येक प्रोग्रॅम दोन्हींवर चालवून पाहावा.

अभियांत्रिकी प्रवेशासाठी केसीईटी, कॉमेड-के या कर्नाटकातल्या परीक्षा आहेतच; महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात सीमाभागातल्या मराठी भाषकांसाठी ‘ई’ प्रकार आहे, त्याच्या अटी वाचून ठेवा.

उरलेली फी सध्या भरू नका. आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा, आणि तो बोलेल तेव्हा मध्ये तोडू नका.