रक्ताच्या ट्यूबचे घोळ : तुमचे प्रश्न

बहुतेकांचा गोंधळ एकच आहे म्हणून या वेळी फक्त रक्त गोळा करायच्या, रंगीत झाकणांच्या ट्यूबचेच प्रश्न घेतलेत.

एक्सपायरी मागच्याच आठवड्यात गेली, बॉक्स भरलेला आहे. वापरू का? (बीड)
नाही.

आईच्या प्लेटलेट 40 हजार आल्या, दुसऱ्या लॅबला 2 लाख. मशीन खराब का? (परभणी)
मशीनच खराब असेल असं नाही. जांभळ्या झाकणाची ट्यूब (तिच्यात ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन असतं) रक्त घेतल्या घेतल्या 8-10 वेळा हळूच उलटसुलट केली नाही तर बारीक गुठळ्या होतात अन् प्लेटलेट कमी मोजल्या जातात. काही जणांच्या प्लेटलेट ईडीटीएमुळंच एकमेकीला चिकटतात. लॅबला रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा, दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून पपईच्या पानांचा रस पाजत बसू नका.

निळी ट्यूब अर्धीच भरते. डीलर म्हणतो सगळ्यांकडं असंच होतं, चालतं. (लातूर)
चालत नाही!! निळीत सायट्रेट (हेही रक्त गोठू न देणारं) अन् रक्ताचं माप 1 ला 9 ठरलेलं आहे, 0.3 मिली सायट्रेट असेल तर 2.7 मिली रक्त यायलाच पाहिजे. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं अन् आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) खोटा वाढतो, मग हार्टचा व्हॉल्व्ह बदललेल्या पेशंटची रक्त पातळ करायची गोळी उगाच कमी होते अन् व्हॉल्व्हवर गुठळी व्हायची भीती, इतकं साधं आहे हे. बहुतेक बॉक्सवर 4 ते 25 अंश लिहिलेलं असतं, अन् आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमधे काय तापमान असतं ते तुम्हाला माहितीय, तिथं ट्यूबमधला रक्त ओढणारा व्हॅक्यूम टिकणार कसा? दहा बॉक्सवर दोन फ्री म्हणून जवळ आलेल्या एक्सपायरीचा माल गळ्यात मारतात. नवीन लॉट आला की दोन-चार ट्यूबमधे पाणी ओढून बघा, खुणेपर्यंत आलं नाही तर लॉट नंबर लिहून बॉक्स परत करा, कंपनीला लेखी कळवा. बटरफ्लायनं (नळी जोडलेल्या सुईनं) काढताना आधी एक फेकायची ट्यूब लावा, नाहीतर नळीतली हवा निळीत जाते. 90 टक्क्यांपेक्षा कमी भरली तर सॅम्पल परत घ्या. जुन्या आयएनआर रिपोर्टवर शंका असेल तर पेशंटला आजच त्यांच्या डॉक्टरांकडं पाठवा, उद्यावर ढकलू नका, अन् डोस स्वतः बदलू नका म्हणून सांगा.

जांभळीतलं उरलेलं रक्त लाल ट्यूबमधे ओतलं तर? (हिंगोली)
कधीच नाही. जांभळीतलं ईडीटीए सोबत जातं, म्हणून पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं कमी येतं. परत सुई टोचा.

गावाकडून शुगरचं सॅम्पल यायला तीन तास लागतात. (नांदेड)
साध्या ट्यूबमधे पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. करड्या झाकणाची ट्यूब वापरा, ती पेशींचं साखर खाणं थांबवते, पण तिचाही पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात, म्हणून सेंटरवरच सेंट्रिफ्यूज करून (मशीनमधे जोरात फिरवून पेशी वेगळ्या करून) पाठवता येईल का ते तुमच्या पॅथॉलॉजिस्टला विचारा.