फिजिक्समध्ये पीएच.डी. करायची तर येशूवरची श्रद्धा सोडावी लागेल का?

तुम्ही नाशिकला एम.एस्सी. फिजिक्स करताय, पुढे खगोलभौतिकीत जायचंय. आणि शरणपूरच्या घरी विचारतात, ‘विश्व १३८० कोटी वर्षांचं मानणारा पवित्र शास्त्र कसं मानणार?’

श्रद्धा सोडावी लागत नाही. सृष्टी २४ तासांच्या सहा दिवसांत झाली, हा आग्रह मात्र सोडावा लागतो, त्यात पळवाट नाही. शेजारच्या देवयानी (अँड्रोमिडा) दीर्घिकेचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षं लागतात. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं, तेही युरेनियमचं शिसं होण्याच्या ठरलेल्या गतीवरून काढलेलं. ‘पूर्वी प्रकाशाचा वेग जास्त असेल’ असं कुणी म्हणालं, तर दूरच्या क्वेसारचे, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रांचे, वर्णपट (रंगांत विभागलेला प्रकाश) दाखवा. नुसता तो वेग बदलला असता तर वर्णपटातल्या रेषांमधली अंतरंही बदलली असती. तिथे लाखात एक भागाइतकाही फरक ठामपणे सापडलेला नाही.

घरी मात्र क्वेसारपासून सुरुवात करू नका. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात झाडं आणि प्राणी आधी, माणूस शेवटी. दुसऱ्यात माणूस घडवल्यावर बाग आणि पशू येतात. सूर्य तर चौथ्या दिवशी, मग पहिले तीन दिवस कशाने मोजले? हा प्रश्न संत ऑगस्टीनलाही पडला होता, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला. ते दिवस आपले नेहमीचे दिवस नाहीत, असंच त्याचं मत होतं. म्हणजे दुर्बिणीच्या १२०० वर्षं आधी.

माझ्या मते खरा धोका उलट बाजूला आहे: महास्फोटालाच देवाचा पुरावा करून टाकणं. युवक-संगतीत फिजिक्सवाल्याला बोलावलं की ही मागणी हमखास होते. ज्याने १९३१ मध्ये ‘आदिअणू’ची, म्हणजे महास्फोटाच्या सुरुवातीच्या रूपाची, कल्पना मांडली, तो जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ च्या नोव्हेंबरात पोप पायस बारावे यांनी या विज्ञानाचा देवाच्या निर्मितीशी सांधा जुळवला, तेव्हा लमेत्रला ते रुचलं नाही. सिद्धान्त धर्माच्या प्रश्नापासून अलगच ठेवायचा, ही त्याची भूमिका होती. कारण साधं आहे: काळ शून्य हे आपण समीकरणं मागे ताणून काढलेलं टोक आहे. पहिल्या १०⁻⁴³ सेकंदाआधी सामान्य सापेक्षता, म्हणजे आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, एकटी पुरत नाही. उद्या त्याआधीही विश्व होतं असं निघालं, तर श्रद्धेचं काय करणार? न्यूटननेही ग्रहांची घडी मधूनमधून देवच नीट बसवतो असं मानलं होतं. पुढे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासच्या गणिताने ती जागा बरीचशी भरून काढली. समीकरण जिथे अडतं तिथे देवाला बसवू नका; प्रबंधात नाहीच, प्रार्थनेतही नको.

प्रयोगशाळेत धर्म विचारला जात नाही, तिथे त्रुटीपट्ट्या (एरर बार), म्हणजे मोजमापात चूक किती असू शकते ते, विचारतात. रोजची अडचण वेगळीच आहे: रविवार. जेस्टसारख्या (फिजिक्स पीएच.डी.साठीच्या) प्रवेशपरीक्षा बहुधा रविवारी असतात, म्हणून नाशिकच्या बाळ येशूच्या यात्रेचे बेत ठरवण्याआधी वेळापत्रक बघा. पुढे पुणे रस्त्यावर नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांवर काम मिळालं, तर निरीक्षणाची वेळ वार पाहून ठरत नाही. तुमचा स्रोत, म्हणजे तुम्ही निरीक्षण करताय ती आकाशातली वस्तू, रोज ४ मिनिटं लवकर उगवतो आणि महिन्याभरात दोन तास सरकतो. रविवारची सकाळ हातची गेली, तर संध्याकाळची उपासना कुठे असते ते आधीच पाळकांना विचारून ठेवा.